शरदात तोडलेला वेळू

अग्निपुराणात चामर, धनुष्य, बाण आणि तलवार यांची लक्षणं सांगणारा एक छोटा अध्याय आहे. धनुष्य तीन द्रव्यांचं होतं, असं तिथे म्हटलंय: धातूचं, शिंगाचं आणि लाकडाचं. मग लाकडांची नावं येतात. चंदन, वेतस, साल, धावन, ककुभ. आणि लगोलग, अर्ध्या ओळीत, एक शेरा: शरदात घेतलेल्या वेळूचं धनुष्य सगळ्यांत श्रेष्ठ. बस्स. वेळू कसा तोडावा, कुठे ठेवावा, किती महिने ठेवावा, यावर एक अक्षर नाही.

या अर्ध्या ओळीपाशी मी बरेच दिवस रेंगाळले. इंग्रजीत न्यायचं तर 'ऑटम' लिहून मोकळं होता येतं. पण तो शब्द पानगळीचा आहे, आणि आपल्याकडे आश्विन-कार्तिकात झाडं भरात असतात. मराठीत तर पंचाईत आणखी मोठी, कारण तिथे भाषांतर करावंच लागत नाही. 'शरद' जसाच्या तसा राहतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोजागरीचं चांदणं आणि आटीव दूध येतं. शब्द ओळखीचा असला की आपण त्याला प्रश्न विचारत नाही. इथे तो विचारायला हवा, कारण ग्रंथकार चांदण्याबद्दल बोलत नाहीये. लाकूड कधी तोडायचं आणि कसं वाळवायचं याचं अख्खं वेळापत्रक त्याने एका ऋतूच्या नावात घालून ठेवलंय.

बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो जाडीला वाढत नाही, पुढची दोन-तीन वर्षं आतून कठीण होत जातो. धनुष्याला लागतो तो असा तीन-चार वर्षांचा. कोवळा घेतला तर वाळताना चिपतो. पण वयाइतकाच महिनाही महत्त्वाचा. बेटाने साठवलेलं स्टार्च या नव्या कोंबांना वाढवण्यात खर्ची पडतं, त्यामुळे पाऊस सरता सरता जुन्या काठ्यांत ते सगळ्यांत कमी उरतं. बांबूतून पिवळं पीठ पाडणारा जो भुंगेरा असतो तो या स्टार्चच्याच मागावर येतो. उन्हाळ्यात, कोंब फुटायच्या आधी तोडलेला बांबू म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताट. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असा संकेत आपल्याकडे गावोगाव आहे; त्यातला चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी महिन्याचा भाग पक्का आहे.

शरदाचा दुसरा अर्थ जास्त व्यावहारिक: यापुढे पाऊस नाही. आश्विनात तोडलेल्या वेळूला ज्येष्ठापर्यंत सात-आठ कोरडे महिने मिळतात, आणि तेही योग्य क्रमाने. आधी थंडी, मग ऊन. लाकडातलं पाणी सावकाश जायला हवं असतं, आणि हेमंत-शिशिराची हवा ते काम न सांगता करते. क्रम उलटा केला, वैशाखात ओला बांबू तोडून उन्हात टाकला, तर तो वाळण्याआधी तडकतो.

तडकणं म्हणजे काय ते मला माझ्या खिडकीतून रोज दिसतं. मी राहते ते एयरोसिटी चंदीगडच्या विमानतळाला लागून, मोहालीच्या हद्दीत वसवलेलं आहे, आणि त्यातले कितीतरी प्लॉट अजून बांधून व्हायचे आहेत. स्लॅबखाली टेकू म्हणून सफेद्याच्या बल्ल्या लावतात. सफेदा म्हणजे आपली निलगिरी. ताज्या तोडलेल्या बल्ल्या ट्रॉलीतून उतरतात तेव्हा त्यांची टोकं ओलसर, गुळगुळीत असतात. मे-जूनच्या लूमध्ये चार-सहा दिवसांत त्याच टोकांवर मध्यापासून बाहेर धावणाऱ्या भेगा उमटतात. बल्लीला त्याने फरक पडत नाही, तिला फक्त वजन पेलायचं असतं. त्याच ओंडक्यातून कुणाला धनुष्य काढायचं असतं तर मात्र ते तिथेच संपलं असतं.

ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. पेशींच्या पोकळ्यांत मोकळं, आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी निघून जाईपर्यंत लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २५ ते ३० टक्के इतकंच पाणी उरलं की मग भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि खरा खेळ सुरू होतो. वर्षवलयांच्या कडेकडेने लाकूड जितकं आकसतं त्याच्या निम्म्याच्या आसपास ते मध्याकडून सालीकडे आकसतं. या ओढाताणीत गोल ओंडका फाटतो. शिवाय कापलेल्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने जातं, म्हणून भेग टोकापासून सुरू होते. यावरचे उपाय जगभर जवळपास सारखेच आहेत. ओंडका लवकर उभा चिरायचा म्हणजे ताण सुटतो. टोकांना मेण, डांबर, शेणमाती, जे हाताशी असेल ते लिंपायचं. जमिनीपासून वर, सावलीत, वारा खेळेल असं ठेवायचं. मग थांबायचं.

धनुष्याला हे थांबणं टाळता येत नाही, कारण त्याचं लाकूड दर वेळी दोन विरुद्ध गोष्टी सोसतं. दोरी ओढली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. ओलं लाकूड दाबाखाली चेपतं आणि सोडल्यावर पूर्ण सरळ होत नाही. असं धनुष्य दोरी उतरवली तरी वाकलेलंच राहतं आणि बाण जेमतेम पुढे पडतो. फार सुकलेलं लाकूड काडकन मोडतं. मधली जागा अरुंद आहे, साधारण आठ ते बारा टक्के पाण्याची. आणि ती जागासुद्धा स्थिर नसते. हवेत आर्द्रता ९० टक्के असेल तर लाकूड २० टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं, ३० टक्के असेल तर सहाच्या. म्हणजे श्रावणातल्या कोकणात आणि ज्येष्ठातल्या मोहालीत एकच धनुष्य दोन वेगळी धनुष्यं असतात. पुण्याहून आणलेल्या माझ्या सागवानी कपाटाचे खण जूनमध्ये सुळसुळीत सरकतात आणि ऑगस्टमध्ये ओढून निघत नाहीत. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, ती धातूची आणि कार्बनची धनुष्यं कुठल्याही महिन्यात घडवता येतात. शरद त्यांना लागत नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत. मराठी सुतार पूर्वी लाकूड 'मुरवलेलं' म्हणत, लोणच्यासारखं. आता 'सीझन केलेलं' म्हणतात. हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या पेरणीच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला; पेरणीची वेळ, मग कुठल्याही गोष्टीची योग्य वेळ, मग ऋतू, आणि क्रियापद झालं तेव्हा फळ पिकू देणं, लाकूड मुरू देणं. लाकूडबाजारात 'सीझन केलेलं सागवान आहे का' असं विचारणारा माणूस नकळत अग्निपुराणाचाच प्रश्न विचारत असतो.

आता त्या यादीतल्या झाडांकडे वळू. ककुभ म्हणजे अर्जुन, साल म्हणजे साल, यात वाद नाही. अडतो तो 'धावन'. तो धव असेल तर मराठीतला धावडा, ज्याच्या डिंकाचे आपण थंडीत लाडू करतो. लाकूड इतकं चिवट की गाड्यांचे आस आणि कुऱ्हाडींचे दांडे त्याचे करत. तो धन्वन असेल तर मराठीतली धामण. धामण म्हटलं की आधी साप आठवतो, पण सह्याद्रीतल्या पानझडी रानात या नावाचं झाड आहे, आणि त्याचं लाकूड वाकून परत जागेवर येण्यासाठी प्रसिद्ध आहे. कावडीची दांडी धामणीची करत. कावडीला आणि धनुष्याला एकच गुण लागतो. संस्कृत निघंटूंमध्ये या झाडाला 'धनुर्वृक्ष' असंही नाव आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात टणक लाकडांची यादी दिली आहे, तिच्यात धन्वन आणि धव दोन्ही वेगवेगळे येतात, म्हणजे जुन्या जाणकारांना ही दोन झाडं पक्की वेगळी माहीत होती. पुराणाच्या छापील पाठात ती एकमेकांत मिसळली असावीत असं मला वाटतं, आणि दोहोंतून निवडायचं तर मी धामणीच्या बाजूने आहे. लाकडाचा स्वभाव तिकडे बोट दाखवतो.

अर्थशास्त्राचा हा भाग धनुष्याच्या इतिहासासाठी पुराणापेक्षाही मोलाचा आहे, कारण तो कोठाराच्या हिशेबाचा आहे. धनुष्यं चार प्रकारची, ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. दोऱ्या कशाकशाच्या, तर मूर्वा, रुई, ताग, गवेधू, वेळू आणि स्नायू. बांबूच्या जातींची यादी वेगळी आहे आणि तिच्यातल्या एका जातीचं नावच 'चाप' आहे, जे बांबूच्या धनुष्याचंही नाव. आणखी एक तपशील पुढे कामाला येणार आहे. कौटिल्य बांबूला झाडांत घालत नाही. टणक लाकडांचा वर्ग निराळा, वेळूंचा निराळा, वेलींचा निराळा. रानावर हक्क सांगण्यात आणि विनापरवाना तोडणाऱ्याला दंड करण्यात तो पुढच्या कुठल्याही सरकारपेक्षा मागे नव्हता. पण बांबू म्हणजे झाड नव्हे, एवढं त्याला ठाऊक होतं.

वेळूची दोरी वाचून मी प्रथम चमकले. मग एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदी आठवल्या. खानदेश आणि सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्याचं वर्णन करताना ते सांगतात की धनुष्य बांबूचं असतं आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालपटाची पातळ पट्टी असते. कौटिल्याच्या कोठारातली एक वस्तू दोन हजार वर्षांनी तोरणमाळच्या बाजूला माणसांच्या खांद्यावर तशीच दिसते. 'भिल्ल' हा शब्दच द्राविडी भाषांतल्या धनुष्याच्या शब्दाशी, 'बिल' किंवा 'विल'शी, अनेक अभ्यासक जोडतात. दोरी आणि धनुष्य एकाच काठीतून निघालं की पावसाळी हवेत दोन्ही सारखीच भिजतात आणि सारखीच वाळतात, हा माझा तर्क. तागाची दोरी आपल्या मर्जीने आखडते आणि ढिली होते, तो त्रास इथे नाही.

सातपुड्यातला हा बांबू बहुतेक करून मानवेल. वनस्पतिशास्त्रात डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, आणि भरीव असल्यामुळे सगळीकडे 'नर बांबू'. पोलिसांची लाठी याचीच. मला गंमत वाटते ती अशी की एयरोसिटीच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशी शिवालिकच्या टेकड्यांची जी रांग दिसते, ती पुढे होशियारपूरकडे जाते तिथल्या रानातही हाच बांबू आहे. मेळघाट, गडचिरोली आणि शिवालिक, एकच गवत. होय, गवतच. वाळवण्याचे महिने मात्र बदलतात. इथे पौष-माघात धुकं आणि अधूनमधून पाऊस, आणि मग एकदम लू. सातपुड्यातला सावकाश उतार या हवेला नाही.

पंजाबात धनुष्याची मोठी परंपरा होती, पण ती वेगळ्या जातीची. मोगल आणि शीख काळातलं तुर्की वळणाचं जोडधनुष्य: मध्ये लाकडाची पट्टी, आतल्या बाजूला शिंग, बाहेर स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसाने एकत्र धरलेलं. प्रत्येक थर वाळेपर्यंत पुढचा लावता येत नाही. चांगल्या जोडधनुष्याला वर्ष लागे. इतकं करून पावसाळी हवेत सरस सुटण्याची भीती कायमची. हिंदुस्थानात पोलादाची धनुष्यं घडवली गेली, वस्तुसंग्रहालयांत ती आजही दिसतात, त्याचं एक कारण हेच सांगतात: मार कमी, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं टांगून ठेवता येतात. ही जोडधनुष्यं करणारे ते कमानगर. डेन्झिल इबेट्सनने १८८१ च्या पंजाब शिरगणतीच्या अहवालात त्यांच्यावर एक परिच्छेद लिहिला आहे. धनुष्यबाण आता नजराण्यापुरतेच उरले, म्हणून कमानगर लाकडावर रंगकाम करू लागले, असं तो नोंदवतो. कच्छमध्ये भिंतींवर जी 'कामांगरी' चित्रं आहेत त्यांच्या नावामागेही हेच धनुष्य करणारे लोक आहेत. आणि मराठी वाचकाला लांब जायची गरज नाही. मिरजेतल्या हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सतारी करायला घेतल्या आणि गावाचं नाव झालं. तलवार गेली तरी हात राहतो. सतारीच्या लाकडालाही मुरावं लागतंच.

कमानगर गेले आणि मराठीतली 'कमान' सैल झाली. आज ती दारावर असते, पुलाखाली असते, घड्याळात स्प्रिंग म्हणून असते. बाण सोडायला तिचा उपयोग कुणी करत नाही. दुसरा शब्द 'कमठा'. तो आता एकटा येत नाही, 'तीरकमठा' असा जोडीनेच येतो, आणि बहुतेकदा आदिवासी माणसाबरोबरच येतो. त्याचीच बहीण 'कामठी', म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, संक्रांतीच्या पतंगात जिवंत आहे. पतंगाची कामठी ओल्या बांबूची केली की पतंग एका अंगाला झुकतो, हे ज्याने लहानपणी घरी पतंग केला त्याला सांगावं लागत नाही. धनुष्याचं शास्त्र आमच्यापर्यंत तेवढंच पोचलं.

हे शास्त्र कागदावर का आलं नाही, याचं नेहमीचं उत्तर असं की ज्यांना ते येत होतं ते लिहीत नव्हते आणि जे लिहीत होते त्यांना ते येत नव्हतं. उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. अमेरिकेतल्या याही जमातीचा शेवटचा माणूस, ज्याला जग 'इशी' म्हणतं, १९११ मध्ये कॅलिफोर्नियात रानाबाहेर आला. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याचा मित्र झाला आणि इशीने धनुष्य कसं केलं ते त्याने पायरीपायरीने टिपलं: ज्युनिपरची फांदी चिरून तिचा बाहेरचा भाग घ्यायचा, आकार देऊन साच्याला बांधायचा, अंधाऱ्या कोरड्या जागी काही महिने, गरज नसेल तर वर्षं, मुरू द्यायचा, मगच पाठीवर स्नायू चिकटवायचे. इशी १९१६ मध्ये वारला, पोपचा लेख १९१८ मध्ये आला. इंग्लंडात तर १४७२ मध्ये कायदाच झाला होता की माल घेऊन येणाऱ्या प्रत्येक जहाजाने दर टनामागे धनुष्याच्या चार दांड्या आणाव्यात, कारण देशातलं यू झाडाचं चांगलं लाकूड पुरत नव्हतं. एका ठिकाणी मैत्री झाली म्हणून नोंद झाली, दुसऱ्या ठिकाणी राजाला गरज होती म्हणून. आपल्याकडेही सरकारने धनुष्याची आणि त्याच्या लाकडाची नोंद केली. ती कशी केली ते पाहण्यासारखं आहे.

वर्ष १८७८. लॉर्ड लिटनची कारकीर्द. त्या वर्षी दोन कायदे झाले. सातवा कायदा वनांचा. त्याच्या व्याख्यांमध्ये 'झाड' या शब्दात ताड आणि माड, बांबू, खुंट, झुडपं आणि वेत यांचा समावेश केला. अकरावा कायदा शस्त्रांचा. त्याच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला धनुष्य आणि बाण आले. दोन्ही कायदे वेगळ्या खात्यांचे, एकमेकांकडे न बघता लिहिलेले असणार. पण सातपुड्यातल्या माणसाच्या अंगणात ते एकत्र पोचले. त्याची काठी झाड झाली आणि त्याचं धनुष्य शस्त्र झालं. कौटिल्याने ज्याला झाडांतून वेगळं काढलं होतं ते गवत एका व्याख्येने पुन्हा झाडांत गेलं, आणि राखीव रानातलं झाड विनापरवाना तोडणं हा गुन्हा होता. शस्त्रकायद्याला पुढे सवलतींचे नियम आले, त्यामुळे प्रत्येक तीरकमठा काही जप्त झाला नाही. वनकायद्याची व्याख्या मात्र १९२७ च्या कायद्यात तशीच उतरली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली.

या व्याख्येने नेमकं काय मोडलं असेल? बांबू तोडणं नाही; चोरून बांबू तोडता येतो. पण चोरून मुरवता येत नाही. चुलीवरच्या माळ्यावर धुरात आठ महिने टांगलेली काठी म्हणजे घरात उघड ठेवलेला पुरावा. जो घाईने आणि भीतीने तोडतो तो रानाच्या कडेचा, हाताला लागेल तो बांबू घेतो, त्याचं वय बघत नाही, महिना बघत नाही, आणि लगेच वापरून मोकळा होतो. ओल्या काठीचं धनुष्य दुबळं होतं, आणि दुबळं धनुष्य बघून बाहेरचा माणूस म्हणतो की यांना कुठे काय येतं. हे सगळीकडे असंच घडलं असा दावा मी करत नाही. पण कुठल्याही कारागिरीतला थांबण्याचा काळ हा हक्काचा काळ असतो, आणि हक्क गेला की आधी तोच जातो, हे मला या दोन व्याख्या शेजारी ठेवून वाचताना पटत गेलं.

वनखात्याला ऋतू कळत नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. बांबूची तोड पावसाळ्यात बंद ठेवायची आणि एकाच बेटाकडे तीन-चार वर्षांनी परत जायचं, हे त्याच्या कार्ययोजनांमध्ये असतं. म्हणजे अग्निपुराणातला शरद सरकारनेही मान्य केला. तो फक्त रानातल्या माणसाकडून काढून कूपांच्या तक्त्यात नेला. आणि तोडलेला बांबू गेला कुठे, तर मोठा वाटा कागद कारखान्यांत. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची गिरणी, तिकडे काळी नदीच्या काठी दांडेलीची. कागदाच्या लगद्याला काठीचा ताठपणा लागत नाही, तिचा भुगाच होणार असतो. आपण लिहिणारे-वाचणारे लोक या व्यवहारातून वेगळे नाही. किती मराठी कवितासंग्रह मानवेलीवर छापले गेले असतील!

दांडेलीच्या रानांतलीच एक गोष्ट माधव गाडगीळ यांनी सांगितली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. १९७० च्या दशकात कर्नाटकातला बांबू का संपत चाललाय याचा अभ्यास करताना ते उत्तर कन्नड जिल्ह्यात हिंडले. बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ते साफ केलं की बेट मोकळं होतं आणि वाढ चांगली होते, अशी वनखात्याची समजूत होती, आणि गिरणीचे मजूर तसं साफ करत. गावकऱ्यांचं म्हणणं उलट होतं. काटे काढले की नवे कोंब गुरं आणि रानडुकरं खाऊन टाकतात. पाहणीत गावकरी बरोबर ठरले. पाठ्यपुस्तकाच्या बाजूला ज्ञान असतं आणि रानाच्या बाजूला फक्त गरज असते, या समजाला इतकं साधं उत्तर क्वचित मिळतं.

पुढचा बदल आला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्याने बांबूला गौण वनोपजात घातलं, म्हणजे ज्याच्यावर ग्रामसभेचा हक्क असू शकतो अशा गोष्टींत. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागत होता, आणि तो वनखात्याकडे होता. १९२७ च्या कायद्यात बांबू अजून झाडच होतं ना! एकाच काठीला दोन कायद्यांत दोन नावं. हा पेच २०११ च्या एप्रिलमध्ये सुटला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर काठी कधी तोडायची, किती दिवस ठेवायची आणि कधी विकायची हे गाव ठरवू शकतं. २०१७ च्या अखेरीस वनकायद्याची व्याख्या बदलली. रानाबाहेर वाढलेला बांबू आता झाड नाही.

याच बांबूच्या धनुष्याने देशातली कितीतरी मुलं नेमबाजी शिकतात. 'इंडियन राऊंड' नावाच्या स्पर्धाप्रकारात ३० आणि ५० मीटरवर बांबूच्याच धनुष्याने मारा करायचा असतो. राजस्थानातल्या आहारी जमातीचा लिंबाराम, ज्याने १९८८ पासून तीन ऑलिंपिकं खेळली आणि १९९२ मध्ये बीजिंगला जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, तोही घरच्या बांबूच्या धनुष्यावरच वाढला.

धामणीचं काय, असं कुणी विचारेल. वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या यादीत बांबू आहे, वेत आहे, खुंट आणि झुडपं आहेत, मध आणि मेण आहे. इमारती लाकूड नाही. त्यामुळे धनुर्वृक्षाचा सरळ, जाड, धनुष्याजोगा सोट राखीव रानातून आणून आश्विनात चिरून, टोकांना शेण लिंपून, माळ्यावर ठेवायचा असेल, तर त्याला आजही परवाना लागतो.